रेवाच्या जर्मनीबद्दल

कार्ल्सरूह, जर्मनी

ती. दादा व सौ. वहिनींस,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर रेवाने नर्स म्हणून जर्मनीला यायचा विषय निघाला, पण सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे नीट काहीच सांगता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

वहिनी, तुमचा प्रश्न आधी घेते. 'चार वर्षं बी.एस्सी. नर्सिंग करायचं आणि तिकडे जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या?' हो, घालायच्या. इथे पेशंटजवळ नातेवाईक राहत नाहीत आणि आपल्याकडच्यासारख्या मावशीही नसतात. मी हाडांच्या वॉर्डात आहे. सकाळी हँडओव्हर झाला की खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजोबांकडे पाण्याचं भांडं घेऊन जायचं. पाणी किती गरम हवं, तोंडाला साबण लावू की नको, हे विचारायचं. कुशीवर वळवलं की कंबरेच्या खाली आणि टाचांवर लाली आली आहे का ते बघायचं, कारण बेडसोर तिथूनच सुरू होतो. पाय खाली सोडायच्या आधी घट्ट मोजे चढवायचे, पायात गुठळी होऊ नये म्हणून. मग पलंगाच्या कडेला बसवून चक्कर येत नाही ना हे पाहायचं आणि चाकांच्या वॉकरवर चार पावलं चालवायचं. या अर्ध्या तासात पेशंटबद्दल जे कळतं ते फाइल वाचून कळत नाही. मिरजेत असताना इंजेक्शनं, सलाइन आणि रजिस्टर यातच माझी ड्युटी संपायची, पाठ नातेवाईकच पुसायचे. मला हे काम कमीपणाचं वाटत नाही, उलट नर्सिंग इथेच जास्त घडतं असं वाटतं. पण रेवाला ते मनापासून पटायला हवं. नुसता पगार ऐकून आलेल्या मुली पहिल्या हिवाळ्यातच खचतात.

दादा, तुला आकडे हवे होते. सरकारी वेतनकरारातल्या हॉस्पिटलात सुरुवातीला महिन्याला साधारण 3,200 युरो, कर आणि विमा वजा जाता हातात एकवीस-बावीसशे. करार देशभर एकच असल्यामुळे म्युनिकला गेलं म्हणून मूळ पगार फारसा बदलत नाही, घरभाडं मात्र भलतंच वाढतं. म्हणून मी तिला तीनेक लाख वस्तीचं आमच्यासारखं शहरच सुचवेन. मोठं हॉस्पिटल आहे, ट्रामने कुठेही जाता येतं आणि पगारातून चार पैसे शिल्लक राहतात. नोकऱ्यांची ददात नाही. इथली माणसं म्हातारी होत चालली आहेत, आणि आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टरही निवृत्तीला आल्या आहेत. शिवाय एका नर्सकडे किती पेशंट असावेत याला सरकारी मर्यादा आहे: आयसीयूत दिवसा 2 आणि रात्री 3, आमच्यासारख्या वॉर्डात दिवसा 10 आणि रात्री 20. रात्रीचे वीस म्हणजे धावपळच, तरी मिरजेत मी एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळलाय, तो तुम्हाला आठवत असेल.

आता खरी अडचण, भाषा. नर्स म्हणून मान्यता मिळायला बी-टू, म्हणजे सहापैकी चौथ्या पातळीची जर्मन लागते. नोकरी करत शिकायची तर वर्षभर पुरणार नाही. पुण्याला मॅक्सम्युलर भवनात शिकता आलं तर उत्तम. परीक्षा पास झाली तरी इथल्या आजींची या बाडेन भागातली बोली आणि डॉक्टरांचे फोन सुरुवातीला घाम फोडतात, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

आल्या आल्या 'नर्स' म्हणून काम मिळत नाही. आमच्या राज्यात श्टुटगार्टचं सरकारी कार्यालय अभ्यासक्रमाचे तास तपासतं आणि काय कमी पडतं ते लेखी कळवतं. मग एकतर पूरक प्रशिक्षण घ्यायचं, नाहीतर परीक्षा द्यायची. तोवर मदतनीसाचा पगार मिळतो. हा काळ काढायची तयारी ठेवावी लागते.

एजंटला एक रुपया देऊ नका. दादा, हे मी हात जोडून सांगते. परदेशातून नर्स आणणाऱ्या संस्थांसाठी 'फेअर आनवेर्बुंग' (न्याय्य भरती) असं सरकारी मानचिन्ह 2022 पासून आहे. ते असलेल्या संस्था मुलीकडून पैसे घेत नाहीत, खर्च हॉस्पिटल करतं. मध्येच नोकरी सोडली तर हजारो युरो भरा असं कलम करारात दिसलं तर सही करायची नाही, आधी मला फोटो पाठवा. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्याचा हवाला देऊन कोणी 'सरकारी कोटा' विकायला येईल. करार झाला म्हणजे रेवाची नोकरी पक्की झाली, असं नाही.

शेजारच्या काकूंच्या नातीचं विचारलं होतंत. तिची फक्त बारावी झाली असेल तर इथे तीन वर्षांचं नर्सिंग प्रशिक्षण घेता येतं आणि पहिल्या वर्षापासून महिना चौदाशेच्या आसपास युरो मिळतात. भाषेची अट तिलाही आहेच.

रेवाला म्हणावं, मिरजेत निदान वर्षभर वॉर्डात काम कर आणि अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घे. चारही वर्षांच्या मार्कशीट, थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास दाखवणारा कॉलेजच्या शिक्क्याचा कागद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, एवढं स्कॅन करून ठेवायला सांगा. तासांचा कागद द्यायला कॉलेजं फार वेळ लावतात, तेव्हा तो अर्ज या आठवड्यातच करू दे.

आईच्या गुडघ्याचा एक्सरेही मला मेल करा.

तुमची,
माई