गंधार लावायला शिकवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न.

ॲम्स्टरडॅमच्या मैफलीनंतर लोक माझं कौतुक करत होते आणि तुम्ही तिकडे हार्पसिकॉर्डवर, पियानोआधीच्या त्या पट्ट्यांच्या तंतुवाद्यावर, खोळ घालत होतात. तेव्हा बोलणं झालंच नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

डच संगीतकार स्वेलिंकची (१५६२–१६२१) ‘फान्तासिया क्रोमातिका’ मी आधी पियानोवरच वाजवायचे. मुख्य ओळ सा पासून मंद्र पंचमापर्यंत अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी उतरते. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पियानोवर प्रत्येक अर्धा स्वर बरोब्बर १०० सेंटचा. उतरण गुळगुळीत आणि खरं सांगू, जरा कंटाळवाणी. तुम्ही त्या काळच्या, गंधार सुरेल राखणाऱ्या मीनटोन पद्धतीने हार्पसिकॉर्ड लावून दिलंत आणि तीच ओळ ठेचकाळत खाली आली: एक अंतर ११७ सेंटचं, पुढचं जेमतेम ७६चं. मग ती घाईत वाजवताच येईना.

लावायलाही तुम्हीच शिकवलंत. मोबाइलमधला ट्यूनर बंद करायला लावलात. सा आणि गंधार एकत्र दाबायचे, त्यांच्यातली थरथर ऐकायची आणि ती विरेपर्यंत खुंटी केसभर फिरवायची. “तंबोरा लावतेस ना? मग झालं!” पेटीवर वाढलेल्या माझ्या कानाला चढा गंधारच सवयीचा. हा मात्र तंबोऱ्यातून आपसूक उमटणारा तोच निघाला! त्याची किंमत पंचम मोजतात. जवळजवळ सगळेच किंचित उतरलेले, आणि उरलेला हिशेब जी-शार्प व ई-फ्लॅट या दोन सुरांच्या जोडीवर. जाणकार तिला लांडगा म्हणतात, ओरडतेही तशीच.

एकदा एक सूर बाकीच्यांपेक्षा टणक वाजत होता. तुम्ही जॅक, म्हणजे पट्टीच्या टोकावरची उभी काडी, उपसलात, त्यातलं तार छेडणारं इवलंसं प्लेक्ट्रम लाकडी ठोकळ्यावर टेकवून खालच्या बाजूने ब्लेडने सालपट काढलंत. मला ते दिसलंसुद्धा नाही. जॅक परत घातलात, शेजारचे सूर वाजवून पाहिलेत, पुन्हा उपसलात. इथे तार छेडली जाते, बोटाचा जोर वाढवून आवाज फारसा वाढत नाही. म्हणजे माझ्या वाजवण्यातलं निम्मं तुमच्या ब्लेडने आधीच ठरवलेलं असतं. पट्टी कधी सोडायची, तेवढं माझ्या हाती.

मध्यंतरात लोक कॉफीला जातात आणि तुम्ही कामाला लागता, कारण सभागृह तापलं की सूर हलतात. याची नोंद कुठेच होत नाही, हे मला पटत नाही. हेगच्या मैफलीचं पत्रक छपाईला दिलंय. वादकाच्या नावाखाली वाद्य कोणी लावलं तेही छापून येईल. नको म्हणू नका, प्रूफ तपासून झालंय.

तुमची विद्यार्थिनी