नाटकाच्या चित्रीकरणासाठी स्वस्तातला कॅमेरा: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

प्रयोगांच्या चित्रीकरणासाठी खिशाला परवडेल असा कॅमेरा कोणता घ्यावा, असं तू विचारलं होतंस. मी एक घेतला आणि रंगीत तालमीत लावून पाहिला. अख्खा प्रयोग अजून त्यावर चित्रित केलेला नाही, तेव्हा हे पहिल्या ओळखीचं मत समज. पण तू प्रकाशयोजना करतोस, म्हणून एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो.

शेवटच्या प्रसंगात दिवे अगदी सावकाश उतरतात. नटी खुर्चीत एकटी बसलेली असते आणि तिच्या भोवतालचं घर हळूहळू नाहीसं होत जातं. कॅमेरा मी मुद्दाम ऑटोवर ठेवला होता, कारण घाईगर्दीत जो कोणी तो लावेल तो तसाच लावणार. दिवे उतरू लागले तसं कॅमेऱ्याने ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, उघडलं. ते पुरेना, मग गेन चढवला, म्हणजे सिग्नल वाढवून चित्र उजळवलं. समोरचा रंगमंच निम्मा विझला तरी स्क्रीनवर काही फरकच नाही! शेवटी कॅमेऱ्याची ताकद संपली आणि चित्र धाडकन खाली आलं. जवळपास अर्ध्या मिनिटाचा फेड रेकॉर्डिंगमध्ये दोन-तीन सेकंदांत उरकला. त्यानंतरच्या काळोखात तर आणखी वाईट. काळ्याच्या जागी करडा पडदा, त्यावर मुंग्या वळवळाव्यात तसे ठिपके, आणि विंगेतून झिरपणाऱ्या निळ्या उजेडात टेबल उचलून नेणारी दोन माणसं स्वच्छ दिसतात. प्रेक्षकांना ती दिसू नयेत म्हणूनच तर अंधार केलेला असतो.

स्पॉटमध्ये याच्या उलट. चौकटीचा बहुतेक भाग काळा, मधोमध एक उजळ चेहरा. कॅमेरा सगळ्याची सरासरी काढतो, त्याला वाटतं प्रकाश कमी आहे, आणि तो चेहरा पांढराफटक करून टाकतो. गालाची ठेवण, कपाळावरचा घाम, डोळ्यांखालची सावली, काहीच उरत नाही. आणि एकदा पांढरा जळालेला भाग एडिटिंगमध्ये परत आणता येत नाही. थोडं काळसर आलेलं चित्र मात्र बऱ्यापैकी उचलता येतं.

म्हणून माझं ठाम मत झालं आहे की रंगमंचासाठी कॅमेरा निवडताना पहिला प्रश्न एकच विचारावा: याला गप्प बसवता येतं का? एक्स्पोजर (चित्र किती उजळ येणार), व्हाइट बॅलन्स (कॅमेरा कोणत्या प्रकाशाला पांढरा धरणार), फोकस आणि आवाजाची पातळी या चारही गोष्टी आपल्या हाताने लावून तिथेच रोखता आल्या पाहिजेत. माझ्या कॅमेऱ्यात चारही रोखता येतात. व्हाइट बॅलन्स मात्र मेन्यूत फार खोल दडलेला आहे, अंधाऱ्या सभागृहात तो शोधणं जिवावर येतं. तेव्हा ती सगळी मांडणी दिवे लागायच्या आधीच करून ठेवायची.

एक्स्पोजर रोखून तोच प्रसंग पुन्हा घेतला, आणि फेड जसा डोळ्यांना दिसला तसाच उतरला. काळं ते काळं राहिलं. पद्धत साधी आहे. चेहऱ्यावर पूर्ण प्रकाश असलेला क्यू (दिव्यांची ठरलेली मांडणी) लावायला सांगायचा, झीब्रा, म्हणजे ठरावीक उजळपणाच्या भागावर स्क्रीनवर पट्टे दाखवणारी सोय, ७० टक्क्यांवर ठेवायचा आणि त्याचे पट्टे गालाच्या फक्त उजळ भागावर जेमतेम दिसू लागतील एवढंच एक्स्पोजर ठेवायचं. सावळ्या चेहऱ्याला याहूनही कमी. गेनचं सांगायचं तर दर ६ डेसिबलला चित्र एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने, उजळतं. यात १२ पर्यंत चित्र चांगलं राहतं, १८ ला दाणे उठतात. गेनची वरची मर्यादा बांधून टाकायची सोय मेन्यूत आहे, ती लगेच वापर.

व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर ठेवला. जुन्या टंगस्टन दिव्यांचा पांढरा रंग साधारण तिथेच बसतो, आणि बाकीचे रंग तू ठरवलेस तसे रंगच राहतात. ऑटोवर ठेवला तर तू मन लावून केलेली केशरी संध्याकाळ कॅमेरा सुधारायला जातो. गडद निळ्या एलईडीत मात्र अडचण आहे. चित्राच्या लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनलांपैकी फक्त निळा भरून वाहतो, आणि चेहऱ्याच्या जागी निळा डाग उरतो. त्या प्रसंगात समोरून थोडा पांढरा मिसळशील का? प्रेक्षकांना जाणवणारही नाही एवढा चालेल.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेला धरून १/५० सेकंद ठेवलं. जिथे वीज ६० हर्ट्‌झची असते तिथे १/६० ठेवावं. एवढं केलं की साध्या दिव्यांची लुकलुक जाते. एलईडी मंद करताना मात्र काही दिवे सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होत असतात, आणि त्याचे आडवे पट्टे चित्रात सरकताना दिसतात. महागड्या कॅमेऱ्यांत शटर अगदी बारीक बारीक हलवून ते घालवता येतात. यात ती सोय नाही. तुमच्याकडचे दिवे निम्म्यावर आणून एकदा कॅमेऱ्यासमोर तपासावेच लागतील.

आता झूम. २० पटीचा ऑप्टिकल झूम आहे आणि या किमतीच्या कॅमेऱ्यांची खरी ताकद तीच. प्रकाश टिपणारा सेन्सर १/२.३ इंचाचा म्हणवतात, प्रत्यक्षात तो जेमतेम ६ मिलिमीटर रुंद. त्यामुळे अंधारात तो मोठ्या सेन्सरच्या मागे पडतो. पण त्याच लहानपणामुळे एवढी लांब पोच हातात मावेल अशा लेन्समध्ये बसते, आणि बरीच खोली एकदम फोकसमध्ये राहते. नट दोन पावलं पुढे आला तरी चेहरा धूसर होत नाही. शेवटच्या रांगेतून काम करणाऱ्याला हे वरदान आहे. फक्त झूम पूर्ण लांब नेला की ॲपर्चर १.८ वरून ३.६ वर येतं (आकडा वाढला की भोक लहान), म्हणजे प्रकाश चौथाईवर. तेव्हा फार मागे न जाता सभागृहाच्या मध्यावर उभं राहणं बरं. डिजिटल झूम बंदच करून टाक.

खोक्यावर ४के मोठ्या अक्षरांत आहे. त्याची चौकट फुल एचडीच्या बरोबर चौपट, त्यामुळे एका रुंद शॉटमधून नंतर जवळचा शॉट कापून काढता येतो, हे खरं. भरपूर उजेडातल्या नृत्यात ते जमेलही. मंद प्रकाशात मात्र ४केचं चित्र पिठूळ दिसलं, आणि कापून मोठं केल्यावर जास्तच. नाटकासाठी मी फुल एचडीच वापरणार.

आवाजाबद्दल जास्त लिहितो, कारण चित्र थोडं कमी पडलं तर लोक सांभाळून घेतात, संवाद ऐकू आले नाहीत तर पाचव्या मिनिटाला उठून जातात. ऑटो लेव्हल इथेही तोच घोळ घालते. ढोलाचा मोठा ठोका पडला की सगळा आवाज दाबला जातो, आणि पुढची नटाची कुजबुज गाडली जाते. नट थांबला की शांतता हळूहळू वर येते, आणि पंख्याची घरघर संवादाएवढी मोठी होते. नाटकात थांबण्याला केवढी किंमत असते ते तुला मी काय सांगू! हाताने पातळी लावताना सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव. प्रयोगाच्या दिवशी सगळेच तालमीपेक्षा चढ्या आवाजात बोलतात, तेवढी जागा लागतेच. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो, आणि तो दुरुस्त होत नाही.

कॅमेऱ्यावरचा माइक ठीक आहे, पण तो प्रेक्षकांत बसलेला असतो. शेजारचा खोकला त्याला नायकाआधी ऐकू येतो. शिवाय आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २० मीटरवर तो ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. ओठ आणि शब्द यांच्यात दीड फ्रेमचं अंतर पडतं, आणि जवळच्या शॉटमध्ये ते खुपतं. साउंडवाल्याच्या मिक्सरवरून लाइन, म्हणजे तारेने थेट आवाजाचा सिग्नल, घेतली तर हा प्रश्न मिटतो. पण कॅमेऱ्याचं छोटं भोक माइकच्या पातळीसाठी असतं, लाइनचा सिग्नल त्याला फार जड होतो. मध्ये आवाज उतरवणारी ॲटेन्युएटर केबल हवीच. आणि मिक्सरमध्ये येतं ते फक्त माइकसमोरचं. पायांचे आवाज, हशा, टाळ्या त्यात नसतात. मला आवडलेली पद्धत अशी: रंगमंचाच्या कडेला एक छोटा रेकॉर्डर ठेवायचा, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, आणि नंतर दोन्ही जुळवायचे. दोन यंत्रांची घड्याळं तासाभरात किंचित सरकतात, तेव्हा मध्यंतरानंतर टाळी पुन्हा वाजवायची.

हेडफोनचं भोक आहे की नाही, हे घेण्याआधी बघच. ते नसलेला कॅमेरा मी कितीही स्वस्त असला तरी घेणार नाही.

कार्डाचा हिशेब असा. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने तासाला साधारण साडेबावीस जीबी जातात, ६४ जीबीच्या कार्डात पावणेतीन तास मावतात. वेगासाठी व्ही३० लिहिलेलं कार्ड पुरेसं आहे. फाइल मात्र दर ४ जीबीला तुटते, म्हणजे सुमारे ११ मिनिटांनी. तुकड्यांच्या सांध्यावर शब्द गळत नाही ना, हे सलग चालणारं गाणं लावून तपासलं. गळत नाही. फोटो काढायच्या कॅमेऱ्यावरच भागवायचा तुझा विचार होता, तर हे बघ: युरोपातल्या आयातकराच्या जुन्या वर्गवारीमुळे त्यातले बरेचसे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर रेकॉर्डिंग थांबवत असत. जुना घेतलास तर अंक संपायच्या आत तो बंद पडेल.

ट्रायपॉड हलका घेऊ नकोस, फ्लुइड हेडचाच (कॅमेरा न अडखळता सावकाश फिरवू देणाऱ्या डोक्याचा) घे. त्यावर कॅमेरा असताना स्टॅबिलायझर बंद ठेवायचा, नाहीतर सावकाश फिरवून थांबलं तरी चित्र थोडं पुढे वाहत राहतं. झूमची कळ जरा उतावळी आहे, म्हणून मेन्यूत तिचा वेग सगळ्यात कमी केला. पुढचा लाल दिवाही बंद केला, नटांच्या नजरेत येतो तो.

एकंदरीत मला कॅमेरा आवडला. आपल्या प्रयोगांचं पुढे जे काही शिल्लक राहतं ते या रेकॉर्डिंगांतच, आणि त्यात तुझं काम तू केलंस तसं दिसावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. या कॅमेऱ्यात ते दिसेल.

आता तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. क्यूशीट पाठव, आणि त्यात सगळ्यात उजळ आणि सगळ्यात मंद क्यूवर खूण कर. दोन्हींना एकच एक्स्पोजर पुरतं का, की मध्यंतरात बदलावं लागेल, ते बघून ठेवतो. आणि प्रकाशाच्या टेबलाजवळ कॅमेऱ्याला एक प्लग पॉइंट मिळेल का ते विचारून ठेव. बॅटरी दोन अंक काढेल असं मला वाटत नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र