कुंड्या आत घेणाऱ्या काकांना

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचे तोंडावर आभार मानायची सोय नाही. "अगं, चार कुंड्या उचलल्या, त्यात काय मोठंसं," म्हणून तुम्ही विषय बदलता आणि चहा मागता. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये डेकवर बाग करणारी आपली पुष्कळ मंडळी आहेत आणि सप्टेंबर लागला की सगळ्यांचा एकच घोळ सुरू होतो: झाडं आत कधी घ्यायची?

यंदा ऐन सप्टेंबरात माझं उजवं मनगट प्लास्टरमध्ये, नवरा निम्मा आठवडा बॉस्टनला, आणि डेकवर ऑर्किडं, जास्वंद, मोगरा, अँथुरियम, तुळस नि सासूबाईंचा जीव ज्यात अडकलाय तो कढीपत्ता. एखाद्या शनिवारी कुणाला तरी गाठून सगळं एकदम आत लोटायचं, असा माझा बेत होता. तुम्ही न बोलावता आलात, कुंड्यांभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "सगळ्यांना एकाच दिवशी कशाला? ज्याची त्याची थंडी वेगळी असते."

इथे कुणी गणपती उठले की कुंड्या आत घेतं, कुणी दसऱ्याच्या आत. तुम्हाला ते मुळीच मान्य नाही. सण अधिक मासामुळे पुढेमागे होतात, थंडी त्यांना विचारून येत नाही, असं म्हणत तुम्ही डेकच्या कठड्याला रात्रीचं किमान तापमान टिपून ठेवणारा थर्मामीटर बांधलात. रोज सकाळी मी आकडा कळवायचा आणि तुम्ही निकाल द्यायचा. रात्री ६० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १५ सेल्सिअसच्या खाली जायला लागल्यावर तुळस आणि अँथुरियम आत. ५० च्या आसपास जास्वंद, मग मोगरा आणि कढीपत्ता.

फॅलेनॉप्सिसवरून मात्र आपली जुंपली होती. दुकानात सगळीकडे मिळणारं, फुलपाखरासारख्या फुलांचं हे ऑर्किड मुळात फिलिपिन्सकडच्या उष्ण जंगलांतलं, म्हणून त्याला मी सगळ्यात आधी आत न्यायला निघाले होते. तुम्ही हात धरून थांबवलंत. ५५ ते ६० अंशांच्या थोड्या गार रात्री मिळाल्या की त्याला फुलांचा दांडा फुटायला मदत होते, कायम उबदार घरात ते बहुधा नुसती पानं काढत बसेल, हे तुमचं म्हणणं. त्याला दोनेक आठवडे बाहेर ठेवलंत आणि किमान ५५ ला टेकल्यावरच आत घेतलंत. सिंबिडियम या दुसऱ्या ऑर्किडच्या बाबतीत तर तुम्ही चक्क निर्दय झालात. त्याला दहिवराच्या अगदी तोंडाशी आत आणलंत, ऑक्टोबर अर्धा उलटून गेल्यावर. त्याच्या दोन फुगीर कोंबांकडे बोट दाखवून "ही पानं नव्हेत, हे दांडे" असं म्हणालात, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो मी काकूंना सांगितलाय.

आत येण्याआधी प्रत्येक झाडाची झडती. मातीच्या कुंड्या कोमट पाण्याच्या टबात वीसेक मिनिटं बुडवल्या, तर मुंग्या, गांडुळं आणि एक बारकी गोगलगाय वर आली. जास्वंदीच्या शेंड्यांवरचा मावा साबणाच्या पाण्याने धुतलात. ऑर्किडच्या पानांच्या बेचक्यांत दडलेला पिठ्या ढेकूण तर मला दिसलाही नव्हता. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस घेऊन तुम्ही तो एकेक करून टिपत बसलात आणि दर आठवड्याला पुन्हा येऊन तपासत राहिलात, कारण अंडी पहिल्या खेपेला सुटतातच. शिवाय सगळी मंडळी आधी पाहुण्यांच्या खोलीत वेगळी ठेवायची, दिवाणखान्यातल्या झाडांना भेटायचं नाही. नवरा म्हणाला, कोविडमध्ये आपण एवढे नियम पाळले नव्हते.

जागा ठरवताना तुम्ही सूर्याचं गणित मांडलंत, ते मी अजून सगळ्यांना सांगत असते. डिसेंबरच्या अखेरीस इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर येतो, त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांवर असतो. इथला दिवसही सव्वानऊ तासांचा. ऊन मिळमिळीत, पण तिरपं असल्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत आतपर्यंत पोचतं. म्हणून जास्वंद आणि सिंबिडियम दक्षिणेला, फॅलेनॉप्सिस पूर्वेला, पानं काचेला टेकणार नाहीत अशी. हीटिंगच्या व्हेंटवर पुठ्ठा लावून हवा दुसरीकडे वळवलीत. फळांची परडी उचलून पार स्वयंपाकघराच्या टोकाला नेलीत, कारण पिकणारी केळी नि सफरचंदं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या न उमलताच गळतात. खडे नि पाणी घातलेल्या ताटल्यांना तुम्ही हसलात. जानेवारीत घरातली आर्द्रता पंचवीस टक्क्यांवर आली की ह्यूमिडिफायरच लागतो, हे आता पटलंय.

डेंड्रोबियम नोबिले या आणखी एका ऑर्किडचं पाणी बंद करायला सांगितलंत तेव्हा मात्र मला राहवेना. त्यावर तुम्ही तुमच्या गावाची गोष्ट काढलीत. आंबोलीच्या घाटाखाली आंब्याफणसांवर सीतेची वेणी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, धरलेली असते. पावसाळा संपला की पुढचे कित्येक महिने तिला कोण पाणी घालतं? तरी मे-जूनमध्ये झुपकेच्या झुपके लोंबतात. मुळांवरचं पांढरं, स्पंजासारखं आवरण मिळेल ते पाणी शोषून घेतं. कोरडं असताना चंदेरी, भिजलं की हिरवं. नोबिले हिमालयाच्या पायथ्याकडचं, तिथला हिवाळा गार आणि कोरडा. या दिवसांत पाणी आणि खत दिलं तर फुलांऐवजी पिल्लं, म्हणजे छोटी नवी रोपं, फुटतात. ते ऐकल्यापासून मी त्याच्यापासून चार हात लांब आहे.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकणार नाही. बर्फाचे खडे घालून ऑर्किडला पाणी देणाऱ्यांना तुम्ही वेडे ठरवता. पण ओहायो आणि जॉर्जियातल्या विद्यापीठांनी फॅलेनॉप्सिसवर हा प्रयोग करून पाहिला आणि झाडांचं काही बिघडलं नाही. मी कोमटच पाणी घालते, सकाळी आणि पानांच्या मधल्या खोबणीत साठू न देता. तरी शेजारच्या मुलीला बोलू नका.

कढीपत्त्याने नोव्हेंबरात जवळजवळ सगळी पानं टाकली. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघून "गेला गं!" म्हटलं. तुम्ही नखाने साल किंचित खरवडून त्यांना खालचा हिरवा रंग दाखवलात आणि पाणी कमी करायला सांगितलंत. आता त्या माझ्याऐवजी थेट तुम्हालाच फोन करतात, त्याबद्दल क्षमस्व.

आता कामाचं. जानेवारीच्या मध्यापासून तुम्ही दोघं गावी जाणार, असं काकू म्हणाल्या. तुमच्या झाडांचं पाणी यंदा माझ्याकडे. प्लास्टर निघालंय, मनगट ठीक आहे, पाण्याने भरलेली झारी उचलता येते. निघण्याच्या आदल्या रविवारी जेवायला या आणि येताना घराची किल्ली घेऊन या. कुठल्या कुंडीला किती आणि कुणाला अजिबात नाही, ते काकूंना लिहून काढायला सांगा. तुमचं अक्षर मला लागत नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची,
समोरच्या घरातली