गुहागरचा गॅस आणि माझ्या भट्टीतला गोळा

मा. मंत्रिमहोदय, ऊर्जा खाते,
स. न. वि. वि.

सोमवारची सुट्टी संपवून मंगळवारी आम्ही फौंड्री सुरू केली आणि दुपारी 3 ला लाईट गेली. भट्टीत अर्धा टन लोखंड ओतायला तयार होतं, दहा मिनिटं मिळाली असती तर साचे भरले असते. जनरेटर आहे, पण तो भट्टीची कॉईल थंड ठेवणारं पाणी फिरवण्यापुरता. लाईट आली 7 ला. तोवर लोखंड थिजून भट्टीत गोळा झाला होता आणि लायनिंगला, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तराला, तडे गेले होते. औद्योगिक फीडरला, म्हणजे कारखान्यांच्या वीजवाहिनीला, हात लागणार नाही, असा शब्द एका साहेबांनी एप्रिलमध्ये आम्हाला दिला होता. चहाही आमचाच प्याले होते.

वीज कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, "संध्याकाळी सोलर उतरतं, मागणी चढते, काय करणार?" दुपारी 3 ला कुठली संध्याकाळ, साहेब?

माझा पुतण्या बर्मिंगहॅमला असतो. त्याला विचारलं, तुमच्याकडे तर सूर्यच नसतो, मग कसं भागतं? तो म्हणाला, वारा पडला की गॅसची केंद्रं चढवतात. ब्रिटनमध्ये 100 युनिटांतली तीसेक गॅसवर होतात, 2022 साली तर 40 च्या घरात होती. 2024 च्या सप्टेंबरअखेर त्यांनी शेवटचं कोळशाचं केंद्रही बंद केलं. आपल्याकडे गॅसची युनिटं 100 त जेमतेम दोनेक, बराचसा भार कोळशावर. आणि गॅसची केंद्रं आहेत किती? 20 हजार मेगावॅटच्या वर! बहुतेक वेळ थंड. सासऱ्याने दिलेली गाडी दारात आणि जावई पायी, अशातली गत.

गॅस महाग, आयात करावा लागतो, हे मलाही कळतं. युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा तिकडेही बिलं पाहून लोक रडले, सरकारला मध्ये पडावं लागलं. एका इंधनाच्या नादी लागलं की असं होतं. पण त्यांचा नाद निदान दिवे लावतो. आपला कुठला?

घाट उतरून गुहागरला जा. अंजनवेलला 1,967 मेगावॅटचं केंद्र उभं आहे. एन्रॉन ही अमेरिकन कंपनी आली, अरबी समुद्रात बुडवायची भाषा झाली, मग वाटाघाटी झाल्या, 2001 ला ते बंद पडलं, 2005 ला नव्या नावाने उठलं, 2013 ला गॅसच आटला. 2015 नंतर थोडी वीज रेल्वेला मिळाली. शेजारच्या एलएनजी (द्रवरूप गॅस) टर्मिनलचं ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारी भिंत, अर्धवट होतं, म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. भिंत बांधायची राहिली होती, एवढंच! कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी तर कृष्णा पाणीवाटप लवादाने आखून दिलेलं, पश्चिमेला वळवायला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट). ते तरी किती ताणणार?

विकायला सोलर, भाषणाला हायड्रोजन, आणि गरज पडली की बंद करायला आमचा फीडर. बिलातला मागणी आकार, म्हणजे मंजूर वीजभाराचा आकार, मात्र दर महिन्याला चुकत नाही. लाईट नसलेल्या तासांचाही तो भरतो आम्ही. सांगली, इचलकरंजी, गोकुळ शिरगाव, कुणालाही विचारा. तुमच्या खात्यात वीज सोडून सगळं वेळेवर येतं.

तेव्हा दोनच गोष्टी मागतो. फीडर बंद करायचा असेल तर तासभर आधी फोन करा, आम्ही भट्टी चढवणार नाही. आणि नव्या लायनिंगचं बिल कुणाच्या नावे पाठवू, तेवढं कळवा.

गोळा अजून भट्टीतच आहे. फोडायला माणसं परवा येणार आहेत, तोवर बघायला या. चहा मिळेल, शेगडीवरचा.

आपला,
शिरोलीचा एक वीजग्राहक