लग्नाच्या याद्या करताना स्पर्धेची तारीखही विचारावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नतिथींची यादी आपल्या दैनिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे कात्रण आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवले गेले. त्याच दारावर गेली तीन वर्षे माझ्या मुलीच्या सरावाचा तक्ता लावलेला असतो. हे दोन कागद शेजारी आले की आमच्या घरात काय होते, हे मी दोनदा पाहिले आहे. पहिल्यांदा जे झाले त्यात चूक माझी होती आणि ती इतर घरांतही होत असावी असे वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी मुलगी परभणीत बँकेत नोकरी करते आणि हौसेने ट्रायथलॉन खेळते. पोहणे, सायकल आणि धावणे या तीन गोष्टी मध्ये न थांबता एकापाठोपाठ एक करायच्या, असा हा खेळ आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे आणि तेथे अंतर असते दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धावणे. गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ पासून जी स्पर्धा होते ती याहून बरीच लांब आहे. तेथे समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग २१.१ किलोमीटर धावायचे. हे सगळे साडेआठ तासांच्या आत पूर्ण करावे लागते, आणि पोहण्यासाठी एक तास दहा मिनिटांची वेगळी मर्यादा असते. यात भाग घेणारे बहुतेक सर्व जण नोकरी-धंदा सांभाळून पहाटे सराव करणारे असतात. त्यांना कोणी पगार देत नाही, की सुटी देत नाही.

आता या स्पर्धेच्या तारखा पाहा. २०२३ मध्ये ती ८ ऑक्टोबरला झाली, २०२४ मध्ये २७ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये ९ नोव्हेंबरला. म्हणजे चातुर्मासाच्या उत्तरार्धात किंवा तो संपल्यावर लगेच. अशा अंतरासाठी साधारण सोळा ते वीस आठवड्यांचा पद्धतशीर सराव लागतो, तेव्हा तो आषाढी एकादशीच्या आगेमागे सुरू होतो. एरवी हे सोयीचे वाटावे, कारण चातुर्मासात आपल्याकडे लग्ने होत नाहीत. पण ज्या घरात दिवाळीनंतरचे लग्न ठरलेले असते, त्या घराला विचारा. लग्न नसते ते याच चार महिन्यांत, आणि लग्नाची सगळी धावपळ असते तीही याच चार महिन्यांत. सुपारी फुटते, साखरपुडा होतो, बस्ता बांधायला सगळे सोयरे गाडी करून जातात, पत्रिका छापल्या जातात, घराला रंग लागतो, आणि पुण्याकडे ज्याला केळवण म्हणतात ती आमच्याकडची गडगनेरं सुरू होतात. लग्न एका दिवसाचे आणि स्पर्धाही एका दिवसाची, तेव्हा तारखा एक आल्या नाहीत म्हणजे झाले, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी चार-चार महिने खातात आणि ते महिने तेच असतात.

२०२४ मध्ये माझ्या मुलाचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेचच्या तिथीला काढले. मुलगी करवली. तिची स्पर्धा २७ ऑक्टोबरला होती, म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशी. तिने जानेवारीतच नाव नोंदवले होते आणि तारीख तक्त्यावर तांबड्या शाईने लिहिलेली होती. मी रोज त्या दारातून जात होतो. तरीही बैठकीत तिथी धरताना माझ्या मनात ती तारीख आली नाही. मुलाच्या कंपनीची सुटी विचारली, मामाच्या कापूस वेचणीचे विचारले, कार्यालय मोकळे आहे का ते विचारले. करवलीला काय विचारायचे?

स्पर्धेपूर्वीचे शेवटचे दोन-तीन आठवडे सराव मुद्दाम कमी करायचा असतो, हे मला पुढे कळले. चार महिन्यांत शरीराची जी झीज झालेली असते ती या काळात भरून निघते, म्हणून अंतर निम्म्यावर आणायचे, थोडा वेग तेवढा राखायचा, झोप पुरेशी घ्यायची आणि खाणेपिणे नेहमीचेच ठेवायचे. याला हे लोक टेपर म्हणतात. आमच्या घरात मात्र याचा अर्थ ‘आता ताईचा सराव नाही, ती मोकळी आहे’ असा घेतला गेला. मग पत्रिकांना हळदीकुंकू लावण्यापासून गंगाखेड, जिंतूर, मानवत असे गावोगाव पत्रिका पोचवण्यापर्यंत सगळे तिच्याकडे आले. ज्या घरी पत्रिका द्यायची तेथे न जेवता उठता येत नाही, आणि जेवण म्हणजे पुरणपोळी व वर वाटीभर तूप. रात्री अकराला परत यायचे, सकाळी बँक गाठायची. त्या तीन आठवड्यांत तिची झोप सरासरी पाच तासांपेक्षा जास्त झाली नसेल.

गोव्यात ती समुद्रातून अठ्ठावन्न मिनिटांत बाहेर आली. सायकलही नीट झाली. धावताना मात्र चौदाव्या किलोमीटरला ती रस्त्याच्या कडेला बसली, उलटी झाली, आणि स्वयंसेवकांनी तिला तंबूत नेले. दमट हवा, ऊन, पोटात टिकलेले काहीच नाही, अशी अनेक कारणे असतील. सगळा दोष पत्रिकांना देणे बरोबर नाही. पण परतताना गाडीत ती एकच वाक्य बोलली, “अण्णा, दादाची जिम एक दिवस तरी बुडाली का?” लग्न दादाचे होते आणि त्याची जिम खरोखरच एक दिवसही बुडाली नव्हती. शेरवानीत छाती दिसली पाहिजे म्हणून घरातल्या सर्वांनी ती जपली होती.

मला या प्रकरणात हेच अधिक टोचते. मुलाचा व्यायाम लग्नाच्या तयारीत मोजला जातो आणि मुलीचा व्यायाम लग्नाच्या तयारीतला अडथळा मानला जातो. तिचे स्थळ पाहणे सुरू झाले तेव्हा जवळजवळ प्रत्येक घराने एक प्रश्न विचारला, ‘लग्नानंतरही हे चालू ठेवणार का?’ क्रिकेट खेळणाऱ्या किंवा दर शनिवारी ट्रेकला जाणाऱ्या मुलाला मी आजवर हा प्रश्न विचारलेला ऐकलेला नाही. रंगाचा विषय तर विचारूच नये. सायकलच्या हेल्मेटच्या पट्ट्यांचे आणि गॉगलचे जे पांढरे पट्टे तिच्या चेहऱ्यावर उमटतात, ते हळदीपर्यंत जातील का याची चौकशी एका पाहुण्यांनी फोन करून केली. तेथे आम्ही पुढे बोललो नाही.

तिचा सराव कसा चालतो हेही थोडे सांगायला हवे, कारण मोठ्या शहरांतील वाचकांना वाटेल की यासाठी मोठ्या सोयी लागतात. आमच्या गावी शेतात चाळीस फूट व्यासाची विहीर आहे. साडेतीन-चार फूट काठ सोडून गोल पोहले की एक फेरी साधारण एकतीस मीटरची होते, म्हणजे गोव्याइतके अंतर व्हायला एकसष्ट फेऱ्या. मी पायरीवर हवा भरलेली ट्यूब घेऊन बसतो आणि एका खिशातले चिंचोके एकेक करून दुसऱ्या खिशात टाकतो. एकाच बाजूने गोल फिरून मान आखडते, म्हणून तीस फेऱ्या उजवीकडून आणि एकतीस डावीकडून. सायकल पहाटे साडेचारला गंगाखेड रस्त्यावर. पण उसाचा हंगाम सुरू झाला की मागे साधा लाल दिवाही नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात, म्हणून मी स्कूटर घेऊन तिच्या मागे असतो. धावणे कृषी विद्यापीठाच्या परिसरात. मे महिन्यात सकाळी आठनंतर काहीच करता येत नाही. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते तेव्हा पोहणे बंद. तेवढे दिवस ती दोऱ्या ओढण्याचा व्यायाम करते.

यात एक गमतीचा परिणाम झाला तो नमूद करतो. स्वतःच्या साखरपुड्याच्या ब्लाऊजचे माप तिने जूनमध्ये दिले होते. ब्लाऊज सप्टेंबरच्या शेवटी घालून पाहिला तर कमरेत सैल आणि खांद्यात चढेना. शिंप्याने टेप घेऊन पुन्हा मोजले, वहीतला आकडा पाहिला, पुन्हा मोजले, आणि शेवटी तिच्या आईला हळूच विचारले की माप द्यायला दुसरी मुलगी आली होती का.

तर दुसऱ्या वेळचे. २०२५ मध्ये तिचे स्वतःचे लग्न ठरले, सेलू तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबात. याद्यांची बैठक ऑगस्टमध्ये आमच्या घरी झाली. देणेघेणे नव्हते, मानपान मोजकाच होता, आणि मंडळींनी तिथी सुचवली ती नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली. स्पर्धा ९ नोव्हेंबरला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेनंतर चारच दिवसांनी होती. या वेळी मी उठून दारावरचा तक्ता काढून आणला आणि बैठकीत सतरंजीवर ठेवला. माझ्या मेहुण्याने मला डोळ्यांनी खुणावले. मुलीच्या बापाने अशा वेळी अटी घालू नयेत असे त्याचे म्हणणे. होणाऱ्या व्याह्यांनी तक्ता हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “गुरुजी, सुगीत कोणी लग्न काढत नाही. हिची सुगी कधी संपते, तेवढं सांगा.”

एवढे सोपे उत्तर मला चाळीस वर्षे पोरांना शिकवून सुचले नव्हते. आपल्या मराठवाड्यात पंचांगाच्या आधी शेत पाहिले जाते. पेरणीच्या दिवसांत मुहूर्त असला तरी शेतकरी लग्न धरत नाही, कारण माणूसही मोकळा नसतो आणि पैसाही. तोच न्याय मुलीच्या चार महिन्यांना लावला तर त्यात हट्ट काही उरत नाही. तिथी माघातली धरली. पुढे सप्टेंबरच्या अतिवृष्टीत त्यांचे सोयाबीन शेतातच सडले, आमचेही तेच झाले, आणि नोव्हेंबरला लग्न असते तर दोन्ही घरांना कर्ज काढावे लागले असते. पण ते नंतरचे, बैठकीत ते कोणाला ठाऊक नव्हते.

बैठकीच्या कागदावर आम्ही दोन ओळी वाढवल्या. ९ नोव्हेंबरपर्यंत मुलीला बस्ता, खरेदी व जेवणावळी यांसाठी बोलवायचे नाही. आणि त्यानंतर लग्न होईपर्यंत तिने लांब अंतराचा सराव काढायचा नाही, सकाळी तासभर काय करायचे ते करावे. दुसरी ओळ तिने स्वतः सांगितली. हेही महत्त्वाचे आहे, कारण या खेळातल्या तरुणांचेही काही चुकते. घड्याळातले आकडे पाहत जेवणाच्या पंक्तीतून उठणारे, स्वतःच्या हळदीच्या सकाळी ऐंशी किलोमीटर सायकल मारून फोटो टाकणारे वीर मी पाहिले आहेत. हळद लागल्यावर नवरदेवाने कट्यारीशिवाय उंबरा ओलांडू नये असे आजी म्हणते, त्यात नुसती अंधश्रद्धा नाही. एक दिवस तरी हा पोरगा घरात बसावा, पडून हातपाय मोडून घेऊ नये, एवढा व्यवहार त्यात आहे. लग्नाच्या वर्षी मोठे अंतर सोडून ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटरची छोटी स्पर्धा करावी. ज्याचा नियमित सराव आहे त्याला तिच्यासाठी चार महिने घर वेठीला धरावे लागत नाही. लांबची स्पर्धा पुढच्या वर्षीही असतेच.

मुलीने या वेळी सात तास एकेचाळीस मिनिटांत स्पर्धा पूर्ण केली. होणारे जावई किनाऱ्यावर होते.

आपणांस एक विनंती आहे. लग्नतिथींची यादी आपण दरवर्षी छापता आणि ती घरोघरी कापून ठेवली जाते. तिच्याच शेजारी राज्यातील व आसपासच्या मॅरेथॉन, सायकल आणि ट्रायथलॉन स्पर्धांच्या जाहीर झालेल्या तारखांची एक छोटी चौकट द्यावी. याद्या करायला बसलेल्या बापाच्या नजरेला दोन्ही कागद एकदम पडतील. माझ्या नजरेला पहिल्या वर्षी पडले नव्हते.

लग्नाला अजून काही आठवडे आहेत. सासरची विहीर आमच्याहून मोठी आहे असे कळते. जावयांनी परवा दोर टाकून तिचा व्यास मोजला आणि आकडा फोनवर कळवला. तेथे किती चिंचोके लागतील याचा हिशेब मी आज संध्याकाळी करणार आहे.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
परभणी