कूलरला प्लग हवा होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला प्रयोगशील चित्रपटकार आणि व्हिडिओ कलावंतांवरचा लेख वाचला. कालच लिहिणार होतो, पण राग उतरू दिला. पुरता उतरला नाही.

लेखकमहाशयांना एकच काळजी : हे सिनेमे पाहतं कोण आणि तिकीट खपतं किती? अहो, या कामाचं तिकीट नसतंच. व्हिडिओच्या तीन किंवा पाच प्रतींची आवृत्ती निघते, सोबत कलावंताच्या सहीचं प्रमाणपत्र असतं, नशीब असेल तर एखादं संग्रहालय ती घेतं. एरवी फेलोशिप, कुठे शिकवणं, नाहीतर लग्नांची शूटिंगं. यात शुक्रवारचा गल्ला कुठून आणायचा? कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' हा प्रयोगशील चित्रपट १९८८चा, थिएटरात लागला २०१४ साली. मधली सगळी वर्षं लोक तो एकमेकांकडून कॉप्या मागून पाहतच होते. व्हिडिओ कलावंत नलिनी मालानींना २०१९ साली बार्सिलोनाचा जोन मिरो कलापुरस्कार मिळाला, तेव्हा तिथे कुणी त्यांची तिकीटबारी तपासल्याचं ऐकिवात नाही.

प्रेक्षक नसतात म्हणता, पण पाहू देतं कोण? गेल्या मे महिन्यात आपल्याच शहरातल्या एका सभागृहात चित्रप्रदर्शन होतं. त्यात ओळखीतल्या एका मुलीचा व्हिडिओ होता. कळमना मार्केटमधला संत्र्यांचा ढीग, त्यावरून फिरणारे, फळं निवडणारे बायकांचे हात आणि मागून लिलावाची बोली. गोष्ट वगैरे काही नाही. हळूहळू हात दिसेनासे होतात, पडदाभर नारिंगी रंग उरतो आणि बोली चालूच राहते. संपला की पुन्हा पहिल्यापासून. तिने अंधारी खोली मागितली होती; मिळाली दोन खिडक्यांमधली भिंत आणि कार्यालयातला टीव्ही. चौकोनी चित्र त्यावर आडवं ताणलेलं, त्यामुळे बायकांची बोटं सुजल्यासारखी दिसत होती. फिल्म सोसायटीच्या दिवसांत मी १६ मिमीचा प्रोजेक्टर चालवलाय, मला ते बघवेना. रिमोट मागितला, तर तो आयोजकांच्या खिशात आणि आयोजक पाहुण्यांना आणायला गेलेले.

पाहुणे आले. मे महिना, त्यात नागपूर, म्हणून कूलर आणला. भिंतीत प्लग एकच. टीव्हीची पिन निघाली, कूलरची लागली. पोरगी म्हणाली, "सर, माझं काम सुरू आहे." उत्तर मिळालं, "भाषण झाल्यावर लावून घेजो नं बाई." भाषणाचा विषय 'कलेला समाजाचा आधार'. मग सत्कार, मग चहा-समोसे. पिन काही परत लागली नाही. बंद टीव्हीसमोर दोघं-तिघं थबकले, एकाने तो कितीला देणार असंही विचारलं. शेजारच्या तैलचित्रावर मात्र कुणी चादर टाकली नाही, त्याला पिन नसते ना!

दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात दीप उजळणाऱ्या पाहुण्यांचा चार कॉलमी फोटो. मुलीच्या वाट्याला शेवटची ओळ : 'यावेळी लघुपटही दाखविण्यात आला.' कधी दाखविण्यात आला, हे वार्ताहरांनाच माहीत.

चित्रकार अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपचे पैसे घालून १९६९ ते १९७२ या काळात मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप चालवलं. चित्रकारांच्या हाती कॅमेरा दिला. विशीतल्या मालानींनी सुरुवातीच्या फिल्म तिथेच केल्या. एवढं आम्ही मागतच नाही. लेखकमहाशयांनी अशा एखाद्या व्हिडिओसमोर अंधारात पंधरा मिनिटं बसावं, मग खुशाल कंटाळा आला म्हणून लिहावं. त्याबद्दल माझी तक्रार नसेल. न पाहता लिहिलंय, हे लेखात सरळ दिसतं. सगळ्या फिल्म 'संथ' आहेत म्हणे! प्रमोद पतींच्या 'एक्स्प्लोरर' या भरधाव लघुपटाला संथ म्हणणाऱ्याने तो पाहिलेला नाही, एवढं मी पैजेवर सांगतो. लेखासोबतचा फोटोही असा कापलाय की बाईचं कपाळच गेलं.

जाता जाता, 'आज शहरात' हे सदर कार्यक्रम होण्याआधी छापता येईल का? मागे एका व्याख्यानाला आपल्या भरवशावर गेलो, तर ते आदल्याच दिवशी आटोपलेलं. चौकीदार भला होता, त्याने बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "पेपर पाहून आले का? सकाळपासून तिसरे तुम्ही."

आपला,
एक जुना वर्गणीदार,
महाल, नागपूर