गोळी रोजच घ्या, बाबा

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

काल दादाशी बोलताना कळलं की बाबा सध्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, वाढवायची गोळी एक दिवसाआड घेताहेत. "आकडा साठ हजारांच्या वर गेलाय, आता एवढी महागाची गोळी रोज कशाला," असं म्हणाले म्हणे. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता आणि तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता. म्हणून लिहितेय. आई, तू बाबांना हे मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा, तुमच्या या आजाराला आयटीपी म्हणतात. त्यात तुमचं शरीर प्लेटलेट्स ओळखायला चुकतंय. त्यांना परकं समजून त्यांच्यावर अँटिबॉडी चिकटवतंय, आणि अशा खूण पडलेल्या प्लेटलेट्स पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, नष्ट होतात. एल्ट्रोम्बोपॅगची गोळी हे नष्ट होणं थांबवत नाही. ती हाडांच्या आतल्या मगजाला सांगते, अजून प्लेटलेट्स तयार कर. तुम्ही कारखान्याच्या काट्यावर आयुष्य काढलंत, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते: ऊस वाटेतच पळवला जातोय, आणि पळवणारे हटत नाहीत म्हणून आपण फडातून जास्त गाड्या भरून पाठवतोय. गाड्या कमी केल्या तर काट्यावर काय येईल, ते तुम्हाला मी सांगायला नको. रिपोर्टमधला आकडा गोळीमुळे टिकलाय. ती मध्येच सोडली तर थोड्याच दिवसांत तो खाली येऊ शकतो, कधीकधी पहिल्यापेक्षाही खाली, आणि तेव्हा रक्तस्रावाची भीती जास्त. काही जणांची गोळी पुढे कमी होते, क्वचित बंदही होते. पण ते डॉक्टर दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, बघत ठरवतात, आपण घरी नाही.

दुसरं, आकडा दीड लाखावर का जात नाही, याचा घोर लावून घेऊ नका. डॉक्टरांना तेवढा नकोच आहे. रक्तस्राव होणार नाही इतपत, म्हणजे ५०,०००च्या आसपास किंवा त्याहून वर राहिला की झालं. उलट दोन लाखांच्या वर गेला तर ते डोस कमी करतात, कारण या गोळीनं रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता असते. पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, एकदम धाप लागली तर सकाळची वाट बघायची नाही, दादाला उठवायचं.

आता आईसाठी. सगळं घोडं अडतं ते दुधापाशी. कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम यांना ही गोळी पोटातच चिकटते आणि रक्तात जातच नाही. दूध, दही, ताक, पनीर आलं. नाचणी आली, तिच्या शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. तू प्रेमानं सकाळी आंबील देतेस, ती नेमकी गोळीच्या आड येते. असं काही खाल्ल्यावर चार तास गोळी नाही, आणि गोळी घेतल्यावर दोन तास असं काही नाही. बाबांना उठल्याउठल्या चहा लागतो, त्यामुळे रोजची कटकट. मी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांना हे पटलं: बाबा पहाटे चारला लघवीला उठतातच. तेव्हाच साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि परत झोपायचं. रात्रीचं दूध नऊच्या आत संपलेलं असतं, म्हणजे पोट रिकामं. सहा वाजता दुधाचा चहा बिनधास्त, आणि आंबीलही. हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी दुपारी जेवणानंतर. जळजळ झाली म्हणून बाबा मध्यरात्री ती गुलाबी गोळी चघळतात, तिच्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, ती झोपण्याआधीच काय ती घ्यावी. एखाद्या दिवशी चारची वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या मात्र घ्यायच्या नाहीत.

शेजारच्या काकूंनी पपईच्या पानांचा रस सांगितलाय हे मला माहीत आहे. त्यांची माया मला कळते, पण तो देऊ नकोस. या गोळीनं लिव्हरवर ताण येऊ शकतो, म्हणून तर दर महिन्याला लिव्हरची तपासणी करतात. त्यात आणखी काही मिसळलं तर कशानं काय झालं, तेच कळणार नाही. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर लगेच सांग. गुडघे दुखले तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन घरात ठेवूच नका. नडगीवर लाल बारीक ठिपके, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, किंवा कधी नव्हे असं डोकं दुखणं यांतलं काहीही लपवायचं नाही, बाबा. तुम्हाला लपवायची सवय आहे म्हणून मुद्दाम लिहिते.

बाबा, तुम्ही मागे विचारलंत, "तंबाखूला कधी शिवलो नाही, मग मलाच का?" तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. १९५० साली अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरनं याच आजाराच्या एका बाईचं रक्त स्वतःच्या अंगात घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स धडाधड खाली आल्या आणि काही दिवसांनी परत वर चढल्या. तो माणूस ठणठणीत होता. त्याच्या हाडांचा मगज चांगला होता. जे काही होतं ते त्या रक्तात होतं. तुमच्या वागण्यात, खाण्यात कुठंच काही चुकलेलं नाही. ती बोच मनातून काढून टाका.

आणि पैशांचं. स्टिरॉइडवर असताना तुमचं तोंड सुजलेलं, साखर वाढलेली, रात्र रात्र तुम्ही अंगणात फेऱ्या मारताय, हे मी पाहिलंय. ही गोळी २००८मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. त्याआधी स्टिरॉइडनं भागलं नाही की पाणथरी काढायच्या ऑपरेशनवरच बहुतेक वेळा गाडी यायची. आज तुम्हाला तोंडानं घ्यायचं औषध मिळतंय आणि ते लागू पडतंय. माझ्या शिकवणीच्या वेळी तुम्ही दोघांनी एकदाही हिशोब मांडला नाहीत. गोळीचे पैसे मी आणि दादानं वाटून घेतलेत, त्याची वही तुम्ही उघडायची नाही.

येत्या बुधवारी सीबीसी आणि लिव्हरची तपासणी दोन्ही करा. एक दिवसाआड घेत होतो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, नाहीतर आकडा कमी दिसला म्हणून ते डोस वाढवतील. आई, वर्षातून एकदा बाबांचे डोळेही दाखवायचेत, मोतीबिंदूसाठी. रांगेत तुझेही दाखवून घे. मी पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीनं येतेय, महिनाभराच्या गोळ्या घेऊन. आजपासून रोज एक, पहाटे चारला.

तुमची,
मनू